कॅमेऱ्याचे दुखणे

माझा कॅमेरा बिघडला हे कळताच गावात सल्लागारांची उणीव राहिली नाही. "सर, हे जुने खटले आता टाकून द्या आणि चांगला मोबाइल घ्या," असे माझे माजी विद्यार्थी म्हणाले. "बारा वर्षे वापरलात, आणखी काय हवे?" असे शेजाऱ्यांनी विचारले. एखाद्या वस्तूने दीर्घकाळ इमानाने सेवा केली की तिचा आपल्यावरील हक्क वाढतो, अशी माझी समजूत होती. हल्ली तेच तिला रजा देण्याचे कारण मानले जाते!

दुखण्याचे निमित्त झाले ते वाऱ्याचे. गेल्या वैशाखात विजयदुर्गाजवळच्या पुळणीवर वारा असा उधळला होता की वाळू डोळ्यांत, कानांत आणि शिदोरीतही शिरली. त्या दिवसापासून कॅमेऱ्याची कळ दाबली की भिंगांची नळी अर्धवट बाहेर येई, एकदा कण्हे आणि तेथेच थांबे. शहरातील एका सेवाकेंद्रातील तरुणाने तो हातातही न घेता सांगितले, "या मॉडेलचे सुटे भाग आता येत नाहीत. नवा घेणार असाल तर सूट देऊ." नाडी न पाहताच रोग असाध्य ठरवणाऱ्या वैद्याची मला आठवण झाली.

माझी निकड निराळी होती. सेवानिवृत्तीनंतर आमच्या पंचक्रोशीतील वीरगळांची छायाचित्रे घेण्याचे काम मी हाती घेतले आहे. गाईगुरांच्या किंवा गावाच्या रक्षणार्थ धारातीर्थी पडलेल्या वीरांचे हे स्मृतिशिल्प. खालच्या पट्टीत धारातीर्थी पडलेला वीर, तिच्या वर लढाई, त्याहून वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, शिखराशी शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य! असे ६३ दगड मी नोंदवले; पैकी ४१ चित्रित झाले. उरलेल्यांना फार सवड नाही. कोणी त्यांवर तैलरंग चढवतो, कोणी त्यांची पायरी करतो. शेजारच्या गावातील देवळाचा तर जीर्णोद्धार व्हायचा आहे. म्हणजे हल्लीच्या अर्थाने, जुने पाडून तेथे गुळगुळीत फरशी बसवायची आहे. त्या देवळाच्या भिंतीत दोन वीरगळ उंचावर चिणलेले आहेत. माझ्या साध्या मोबाइलवर चित्र मोठे केले की त्यातील केवळ ठिपके मोठे होतात. कॅमेऱ्यात मात्र भिंगे स्वतः पुढेमागे सरकून दूरचे शिल्प जवळ आणतात. आणि सरकायचे थांबले होते तेच नेमके!

तेव्हा आधी, बिघडले काय आणि शाबूत काय, हे पाहणे आवश्यक होते. जुनी छायाचित्रे मागील पडद्यावर स्वच्छ दिसत होती. अर्थात पडदा, बॅटरी व स्मृतिपत्र ठीक होते. नळी अडकण्यापूर्वीचे अखेरचे चित्रही निर्दोष होते. त्यावरून संवेदकाला धक्का लागला नसावा, असे अनुमान निघत होते. संवेदक म्हणजे करंगळीच्या नखाएवढी चकती; प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारे सव्वा कोटीच्या आसपास बिंदू तीवर दाटीने बसलेले असतात. अशा संवेदकाचा एक प्रकार १९६९ साली विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधला व त्याबद्दल त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. १९७५ साली स्टीव्हन सॅसन यांनी कोडॅक कंपनीत तयार केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याला एक चित्र फितीवर उतरवण्यास २३ सेकंद लागत. त्या मानाने माझे हे 'जुने खटले' म्हणजे शर्यतीचा घोडाच! हा संवेदक गेला असता तर मीही कॅमेऱ्याला निरोप दिला असता. दृष्टी गेल्यावर चष्मा दुरुस्त करण्यात हशील नाही.

अखेर एका जिन्याखालच्या चिंचोळ्या दुकानात, पूर्वी फिल्मचे कॅमेरे दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर भेटले. त्यांनी कॅमेरा कानाशी धरला, कळ दाबली आणि डोळे मिटून ऐकले. "सर, डोळा शाबूत आहे, पापणी अडकली आहे," ते म्हणाले. कॅमेरा उघडताच त्यांनी प्रथम फ्लॅशसाठी आत साठलेली वीज काढून टाकली. बॅटरी काढल्यानंतरही ती काही काळ टिकते आणि तिचा दाब ३०० व्होल्टांच्या घरात असतो. म्हणून घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन असा पराक्रम कोणी करू नये. नळीच्या चाकाच्या दात्यांत वाळूचे दोन कण होते.

त्यांनी १,५०० रुपये सांगितले. तशाच ताकदीच्या नव्या कॅमेऱ्याला ३५,००० रुपयांच्या आसपास पडत होते. पण लहान कॅमेऱ्यांची पूर्वीची रेलचेल आता बाजारात नाही, तेव्हा तो मागवावा लागला असता आणि देवळाचे काम माझ्यासाठी थांबले नसते. "टिकेल किती?" मी विचारले. "चाक प्लॅस्टिकचे आहे आणि झिजलेलेही आहे. वर्षभराची खात्री देतो, पुढचे सांगत नाही," ते उत्तरले. हे उत्तर ऐकल्यावर मला दुसरीकडे विचारावेसे वाटले नाही.

चार दिवसांनी कॅमेरा परत आला. नळी आता पूर्ण उघडते. मात्र उघडताना किंचित कुरकुरते. येत्या सोमवारी देवळाची भिंत उतरवणार आहेत. शनिवारी सकाळी ऊन तिरपे असताना मी तेथे जाणार आहे. कोरीव काम तेव्हाच उठून दिसते.