दगडाचं वय

सातवीला सह्याद्री शिकवताना एका मुलानं विचारलं होतं, "बाई, दगडाचं वय कसं कळतं?" मी "खाली बस" म्हटलं. मलाच ठाऊक नव्हतं, दुसरं काय!

उत्तर परवा वाचनात आलं. आपल्या काळ्या पाषाणाचे थर पार आंध्रात राजमहेंद्रीलाही आहेत. तिथे लाव्हाच्या थरांमध्ये समुद्रातली चुनखडी सापडते. तिच्यात वाळूच्या कणाहून बारीक कवचं, फोरामिनिफेरांची. यांच्या प्रत्येक जातीचा काळ ठरलेला. गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं, की या जाती डायनासोर संपल्यावर लगेच आलेल्या. म्हणजे खालचा लाव्हा त्याआधीचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा.

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. नाव आठवतं, पत्ता नाही.