दुर्रीची जोडी

पाडव्याला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरवले अशी कथा आहे. तेव्हा बायकांसमोर डाव मांडताना पुरुषांनी जरा जपूनच असावे. हे शहाणपण मला रत्नागिरीत थोरल्या वहिनींनी शिकवले. फी पडली वीस रुपये.

कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. मुंबईहून रात्रभर एस. टी.त हाडे खिळखिळी करून घेऊन मी घरी पोचलो होतो. पाडव्याच्या रात्री जेवणे उरकल्यावर पडवीत तीन पत्ती सुरू झाली. आम्ही पाचजण. आधी सर्वांनी रुपया मधे टाकायचा. पुढे न पाहता खेळणाऱ्याने एक, पाहून खेळणाऱ्याने दोन. त्यावर चढायचे नाही, असा दादाचा दंडक. माझे सुटे पैसे तासाभरातच आटोपले आणि ताईच्या भाऊबीजेसाठी ठेवलेल्या वीस रुपयांना हात घातला.

ऐटीत तीन फेऱ्या ‘ब्लाइंड’ खेळलो. मग पाने उचलली. दुर्रीची जोडी, सोबत राणी! एकेकाने पाने टाकली. उरल्या फक्त वहिनी. त्या पाने पाहून शांतपणे दोन-दोन रुपये पुढे सारीत होत्या. उठावेसे वाटले, पण चार रुपये आत गेले होते ना! त्यांची राखण करायला मी आणखी सोळा घातले. शेवटी ‘शो’ मागितला. वहिनींनी तीन बदाम मांडले.

“भावोजी, मधे पडलेला पैसा आपला नसतो,” त्या म्हणाल्या.

पुढे मी कागदावर हिशेब केला. तीन पानांचे हात होतात २२,१००. त्यांतल्या १६,४४० हातांत साधी जोडीही नसते. म्हणजे एकट्या गड्यापुढे दुर्रीची जोडी शंभरात चौऱ्याहत्तर वेळा सरस. पण पाने पाहूनही जो सात वेळा पैसे घालतो, तो त्या १६,४४० मधला बहुधा नसतो! हिशेब मी पानांचा केला. माणसाचा केलाच नाही.

भाऊबीजेच्या सकाळी पाटावर बसण्याआधी वहिनींनी गुपचूप वीस रुपये माझ्या हातात ठेवले. “उसने आहेत हं. पगार झाला की मनिऑर्डर करा.”

केली. तेव्हापासून कोणत्याही अडल्या कामात स्वतःला विचारतो, आजवर यात एक पैसाही घातला नसता, तर आज घातला असता का? उत्तर ‘नाही’ आले, की पाने टाकून उठतो. निदान उठायचा प्रयत्न तरी करतो.