चादरीचं वजन

संक्रांतीच्या आठ दिवस आधी माझ्या भाचीनं पुण्याहून मला सोलापुरी चादर पाठवली. मी सोलापुरातच राहते. वारा पूर्वेकडून असला की माझ्या गच्चीवर यंत्रमागांची खटखट ऐकू येते, इतक्या जवळ. तरीही चादर आली ती मोबाईलवरून, डिलिव्हरी फुकट. दारातल्या पोरानं "काकू, ओटीपी सांगा" म्हटलं, मी सांगितला, आणि तो दुसरी पायरी उतरेपर्यंत माझ्या हाताला जे कळायचं ते कळलं होतं. पुडकं हलकं होतं.

वरच्या कागदावर मोर होता, मोराखाली 'सोलापुरी' असं ठळक छापलेलं, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता हरियाणातला. मी भाचीला फोन करून "छान आहे गं" म्हटलं. मग फोन ठेवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर चादर ठेवली. सातशे वीस ग्रॅम. माळ्यावरच्या ट्रंकेतून वडिलांनी घेतलेली चादर काढली, ती त्या छोट्या काट्यावर मावेना. प्रवासाच्या बॅगा तोलायचा आकड्याचा काटा घरात आहे, त्याला टांगली. एक किलो आठशे पन्नास. चाळीस वर्षं धुतलेली, कडेला दोन ठिकाणी विरलेली, तरी एवढी. (तो काटाही मी मोबाईलवरूनच मागवला होता, तोही फुकट घरपोच. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं सोवळं वाटेल.)

अस्सल सोलापुरी चादर अंगावर पडते तेव्हा ती आहे हे झोपेतही कळतं. दोन पदर एकमेकांत गुंतवून विणलेलं ते कापड. जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांनी कुठला धागा वर यायचा ते ठरतं, म्हणून एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर उलटीकडे पांढऱ्यावर लाल मोर. सुलटी-उलटी असा भेद नाही. थंडीत ही पांघरायची, उन्हाळ्यात गच्चीवर हीच अंथरायची. २००५-०६ या वर्षात सोलापुरी चादरीला आणि इथल्या टर्किश टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे सोलापुरात विणलेली तीच सोलापुरी, असं कायद्यानं ठरलं. पण कायदा कापडाला शिवून देता येत नाही. पानिपतच्या चादरी आपल्या गावाच्या नावानं खपतात, ही इथल्या कारखानदारांची तक्रार जुनीच आहे. फरक इतकाच, की पूर्वी त्या परगावच्या दुकानांत विकल्या जायच्या. आता त्या चक्क सोलापुरात घरपोच येतात.

ती हलकी का, याचा मी बरेच दिवस विचार केला. आधी वाटलं, लबाडी. मग एका ओळखीच्या कुरिअरवाल्यानं हिशेब समजावला. त्यांचा दर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पायऱ्यांनी चढतो. शिवाय आणखी एक काटा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, पाच हजारानं भागायचं. येईल ते किलोतलं वजन. खऱ्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर पैसे त्याचेच. या हिशेबात कापसाची उशी लोखंडी तव्यापेक्षा जड भरू शकते! आता चादर ही मुळातच जड, आणि घडी घातली तरी जागा खाणारी. 'डिलिव्हरी फुकट' असं छापणाऱ्याला तो खर्च कुठेतरी जिरवावाच लागतो. किंमत वाढवली तर पडद्यावर शेजारची चादर स्वस्त दिसते. मग तो सुताला हात घालतो. धागा बारीक, वीण विरळ, लांबी चार बोटं कमी. फुकट पोचवायचं तर वस्तूनं रोडावलं पाहिजे. माझ्या भाचीनं वाहतुकीचे पैसे दिले नाहीत असं तिला वाटतं. तिनं ते दिले. चादरीतल्या न विणलेल्या सुतानं दिले.

जुन्या मराठी मासिकांच्या शेवटच्या पानांवर पुस्तकांच्या, काढ्यांच्या, केसांच्या तेलाच्या जाहिराती असत. त्यांत किंमत लिहिली की पुढे बारीक टायपात यायचं, 'ट. ख. वेगळा'. टपालखर्च वेगळा. लहानपणी मला ती अक्षरं मंत्रासारखी वाटत. आज वाटतं, केवढा सरळपणा होता त्या अक्षरांत. वस्तूची किंमत ही, आणि ती तुमच्यापर्यंत चालत येण्याची किंमत ही. घरबसल्या मागवणं काही आपल्या मुलांनी शोधून काढलेलं नाही. टपाल खात्यानं व्ही. पी. सुरू केली १८७७ मध्ये. पोस्टमन पुडकं दाखवणार, पैसे घेणार, मगच सोडणार. त्याच सुमाराला आमच्या गावात पहिली कापडगिरणी, जिला पुढे सगळे जुनी मिल म्हणू लागले, धूर सोडू लागली होती. रेल्वे १८६० मध्येच आली होती. म्हणजे गाव कापड विणायला लागलं आणि देश टपालानं माल मागवायला लागला, हे साधारण एकाच वेळी.

आणि पिन कोड? १५ ऑगस्ट १९७२ ला तो लागू झाला. आखला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. मराठी माणूस, टपाल खात्यातला अधिकारी आणि संस्कृतातला कवी. ४१३ हा आमचा आकडा, लातूर, धाराशिव आणि बारामतीही त्याच्याच कुशीत. पत्र चुकू नये म्हणून केलेली ती सोय आज बाजाराची किल्ली झाली आहे. सुरुवातीच्या दिवसांत ४१३००१ टाकलं की काही वस्तूंपुढे 'या पिन कोडवर उपलब्ध नाही' असं उमटायचं, तेव्हा गावच परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटायचं. पहिल्यांदा 'उपलब्ध' आलं त्या दिवशी मला आनंद झाला होता, हे खोटं कशाला सांगू.

कारण दुकानाचे गोडवे गाणारे बहुतेक पुरुष असतात, असं माझं मत आहे. माझे पाय नऊ नंबरचे. तरुणपणी एका दुकानात, ऐन दिवाळीच्या गर्दीत, गल्ल्यावरच्या माणसानं तिथूनच आवाज दिला, "एवढं माप लेडीजमध्ये येत नाय, जेन्ट्समध्ये बघा की!" सगळं दुकान माझ्या पायांकडे बघायला लागलं. पुढची वीस वर्षं मी बोटं मुडपून घालायची चप्पल वापरली. बायकांचे आतले कपडे पुरुष विक्रेत्याकडे मागताना आमच्या पिढीनं किती वेळा नुसत्या खुणेनं भागवलं आणि चुकीचं माप घरी आणलं, त्याचा जमाखर्च कुणाच्याच वहीत नाही. मोबाईलवर पहिली चप्पल मागवली तेव्हा ती बेताची होती, पण तिनं मला काही विचारलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्या बाजाराची ऋणी आहे आणि राहीन.

तरी भाचीसाठी अस्सल चादर घ्यायला मी चाटी गल्लीत गेले. चाटी म्हणजे कापडवाला. आता हा शब्द फक्त गल्लीच्या नावात उरलाय. मधल्या मारुतीकडून आत शिरलं की रस्ता अरुंद होतो आणि आवाज बदलतो. एका वाक्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड. दुकानदार सत्तरीचे, घरी तेलुगू बोलणारे, त्यांचे आजोबा तेलंगणातून मागावर काम शोधत आलेले. ओळख जुनी.

"दाखवू की नुसतंच बोलायला आलात, अक्का?"

"दाखवा."

त्यांनी मांडणीतून घडी ओढली, एक टोक मला धरायला दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि झटकली. तोंडावर वाऱ्याचा झोत आला, त्यात नव्या सुताचा आणि खळीचा वास. हे मला विसरायलाच झालं होतं, की दुकानात चादर बघायला दोन माणसं लागतात. विकणारा आणि घेणारा एकाच कापडाची दोन टोकं धरून उभे राहतात. मधे कापड ताणलेलं, त्यातून उजेड किती येतो ते दोघांनाही दिसतं. नको म्हणायचं तर टोक त्यांच्या हातात परत द्यायचं आणि डोळ्यांत बघून म्हणायचं. अवघड असतं ते. मी चार नको म्हटल्या. त्यांनी चारही घड्या पुन्हा घातल्या, तोंड वाकडं न करता. पाचवी हातात घेतली आणि गप्प बसले. तेव्हा ते म्हणाले, "बोलली का?"

भाव फारसा पाडता आला नाही. मग मी म्हटलं, "ही पुण्याला पाठवा की, घरपोच."

ते हसले. "अक्का, एक नग पाठवायला जेवढं लागतंय तेवढ्यात टॉवेलचा जोड येतोय. पोरगं माझं मोबाईलवर विकतंय की. काय विकतंय? टॉवेल, रुमाल. चादर म्हटलं की कुरिअरवाला काटा दाखवतोय." थोडं थांबून म्हणाले, "हलकी विणा म्हणतंय पोरगं." पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

ज्यांना हा काटा मानवला तेही याच गावात आहेत. ज्वारीची कडक भाकरी कागदासारखी पातळ, महिनोन्महिने टिकणारी. शेंगाचटणीची पुडी मूठभर. बचत गटांतल्या बायका ती आता कुठल्या कुठे पाठवतात. भाकरी पोचेपर्यंत तिचे चार तुकडे होतात, पण खाणाराही ती मोडूनच खातो. माझी तक्रार नाही. कडक भाकरी बंगळुरूला पोचते याचा मला अभिमानच आहे.

ओटीपी मागणारा तो पोरगा मधे पुन्हा आला, या वेळी शेजाऱ्यांचं परत जाणारं पुडकं न्यायला. उन्हातून आला होता, पाणी दिलं. राहायला कुंभारीला, गोदूताई परुळेकर वसाहतीत, जिथे विडी वळणाऱ्या बायकांची दहा हजार घरं आहेत. आई अजून विड्या वळते. कारखान्यातून पान-तंबाखू घरी आणायचा, विड्या वळून परत न्यायच्या, तिथं बसलेला माणूस त्यातल्या नापसंत विड्या बाजूला काढणार. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे नाहीत. नेण्या-आणण्याचेही नाहीत. माल फुकट पोचवण्याची रीत या गावाला माहीत नव्हती असं कुणी म्हणू नये. इथल्या बायका ती डोक्यावरून आणि कमरेवरून पिढ्यान्पिढ्या पाळत आल्या आहेत. पोराला मी विचारलं, "परत नेलेल्याचं काय होतं रे?" तो म्हणाला, "माझं काम उचलायचं, काकू. कारण ते मोबाईलमध्ये लिवतेत." आणि ग्लास उपडा घालून गेला.

चादर पुण्याला कशी जायची, हा प्रश्न राहिलाच होता. तो सोलापूरकर ज्या पद्धतीनं सोडवतात तसाच सुटला. आमच्याकडे वस्तू 'जाणाऱ्याच्या हाती' जातात. पुण्यात शिकणारी, नोकरीला असलेली पोरं सुट्टीला येतात आणि परतताना अर्ध्या गल्लीचा माल घेऊन जातात. चटणी, भाकरी, औषधांच्या चिठ्ठ्या, एकदा तर पितळी समई. कुणी जातंय हे कळायला कुठलं अ‍ॅप लागत नाही. त्याची आई दोन दिवस आधी भाजीवाल्यापाशी सांगत असते. त्याच्या बॅगेचं वजन कुणी करत नाही, तो कुरकुरतो, आणि नेतो.

संक्रांतीची गड्डा यात्रा सुरू झाली होती, होम मैदानावरचे पाळणे रात्री गच्चीवरून दिसत होते. शेजारचा मुलगा यात्रेला आला होता, रविवारी परत निघाला. मी चादर दिली, आणि एका स्टीलच्या डब्यात शेंगाचटणी. त्यानं चादर उचलली आणि म्हणाला, "काकू, ही काय, गादी आहे का?" सकाळी साडेसहाच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं तो गेला. दुपारी भाचीचा फोन. "आत्या, तू पाठवलीस ती फार जड आहे गं." मी म्हटलं, "हो." त्या हलक्या चादरीबद्दल मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. ती मी इस्त्रीच्या टेबलावर घालते.

तीन आठवड्यांनी तो मुलगा पुन्हा आला, आणि माझा डबा परत आला. डबा रिकामा पाठवत नाहीत हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. आत बाकरवड्या होत्या.