लाखेचं बोर

ढाणकीच्या बाजारात सोनाराने बोरमाळेच्या सुट्या मण्याला आच दिली, दुकानभर लाखेचा वास सुटला आणि मला आजीचं जातं दिसलं. वाकून दळताना माळेतला एक मणी खुंट्यावर आपटून चेपला होता. तो तिने कधी नीट करू दिला नाही.

बोराच्या आकाराचा हा मणी भरीव नसतो. पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठशात ठोकायच्या, डाक देऊन जोडायच्या, पोटात लाख भरायची. लाखेचा किडा पोसतो पळसावर, कुसुमावर आणि बोरीवर. म्हणजे धुऱ्यावरच्या बोरीने आकार दिला, गाभाही तिच्यावरचा असू शकतो. आजीला त्याचं काही नव्हतं. "लाख हाये म्हणून मणी गोल हाये," एवढंच म्हणायची. मग चेपलेला कसा, या प्रश्नाला उत्तर नसायचं.

1963च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी केली. तसलं सोनं कडक. असल्या पातळ पत्र्याच्या कामाला मऊच लागतं. गावोगावचे सोनार बसून राहिले. सुवर्ण नियंत्रण कायदा गेला तो 1990 साली. आमची माळ त्या बंदीआधीची.

परवा भाचीने पुण्याहून राळेत गोठवलेल्या पानाचं पदक आणलं. म्हणे, 'निसर्गातून सुचलेले दागिने' ही नवी कल्पना आहे. मला रागच आला. बोरमाळ, जोंधळी पोत, चाफेकळी, पायात मासोळ्या हे काय होतं मग? तोलायलासुद्धा वेलीवरची गुंज: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. शिवारात आता सोयाबीन आहे. जोंधळा पोतीत तेवढा उरला.

पण तांड्यावरच्या बायांच्या कपड्यांवरच्या कवड्या? पैनगंगेत कवडी कुठली! बंजाऱ्यांचे बैल मीठ वाहायचे, समुद्राशी नातं तेव्हाचं. म्हणजे दागिना शिवारातूनच येतो, हे माझं म्हणणंही पुरतं खरं नाही.

सोनार म्हणाला, "मावशी, मोडून टाका, लाख वजा होईल." लाख वजा करणं रास्तच आहे. तुम्हीही माळ मोडायला नेलीत तर लाख आपल्या डोळ्यांदेखत काढायला लावा, मगच तोलू द्या. घडणावळीचा पैसा मात्र मोडीत कोणी देत नाही.