हेडफोनमधला डग्गा

एकच कव्वाली दोन वेगळ्या हेडफोनवर ऐकून पाहा. एकात डग्गा घुमतो, दुसऱ्यात तोच डग्गा दूर गेल्यासारखा वाटतो. गाणे तेच, गायकही तोच.

हा फरक वारंवारतेमुळे पडतो. एका सेकंदात हवा किती वेळा कंप पावते, ती त्या आवाजाची वारंवारता. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. डग्ग्याचा घुमारा खालच्या टोकाकडे असतो, तर ‘स’ आणि ‘श’ यांची सळसळ बरीच वर असते. कोणताही हेडफोन हे सगळे आवाज सारख्या जोराने ऐकवत नाही. कोणता आवाज किती जोराने येतो, हे आलेखावर काढले की चढउतारांची एक रेषा तयार होते. हेडफोनचा स्वभाव त्या रेषेत दिसतो.

माझ्या अब्बांना कान बंद करणारा हेडफोन आवडत नाही. “घरात कोणी हाक मारली तर?” असे ते विचारतात. म्हणून मी त्यांच्यासाठी मागून उघडा असलेला हेडफोन आणला. त्याच्या पाठीला जाळी असते. जर्मनीतील सेनहायझर कंपनीने १९६८ साली असा पहिला हेडफोन बाजारात आणला. त्याच्या गाद्या पिवळ्या स्पंजच्या होत्या!

जाळीमुळे आवाज कोंडत नाही. गायक खोलीत बसून गातो आहे असे वाटते. पण खालचे सूर मात्र कमी होतात. हेडफोनचा पडदा हवा पुढे ढकलतो, तेव्हा मागची हवा विरळ होते. ५० हर्ट्झच्या आवाजाची लाट सुमारे ७ मीटर लांब असते. मागची अशी लांब लाट सहज वळून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खोडून टाकते. आलेखाची रेषा तिथे खाली उतरते.

अब्बांनी सत्तरी ओलांडली आहे. वयाबरोबर वरचे सूर आधी हरवतात. ‘सीन’ आणि ‘शीन’ त्यांना आता सारखेच ऐकू येतात. मी फोनच्या इक्वलायझरवर खालचे सूर वाढवले, वरचेही थोडे वाढवले. अब्बा म्हणाले, “डग्गा आला, बेटा. शब्द अजून पुसट आहेत.” आवाज आणखी मोठा करता आला असता, पण त्याने उरलेली श्रवणशक्तीही जाते. मी तिथेच थांबलो.

जाळीतून आवाज बाहेरही येतो. स्वयंपाकघरातून अम्मी ओरडते, “आज पुन्हा तीच कव्वाली?” अब्बांना ते बरोबर ऐकू येते.