अक्का, मी आणि प्रिंटर

परवा आमच्या प्रिंटरनं असहकार पुकारला. हिरवा दिवा लागला, नेहमीची घरघर झाली, कागद आत गेला आणि शहाण्यासारखा बाहेरही आला. पण त्यावर जे उमटलं होतं त्याला पत्र म्हणायचं धाडस मला तरी होईना. अक्षरांमधून आडवे पांढरे पट्टे गेलेले, कुठे मात्रा गायब, कुठे अनुस्वार, आणि निम्म्या ओळींची तर शिरोरेषाच नाहीशी! जन्मभर मुलांच्या वह्यांवर लाल शाईनं 'शिरोरेषा द्या' असं लिहिलं, आणि आता माझ्याच पत्राला शिरोरेषा नाही. ती गेली की 'घ' आणि 'ध' सारखेच दिसतात, 'म' आणि 'भ' यांचंही तेच. पहिल्याच ओळीतलं 'घर' मला 'धर' असं वाचता येत होतं.

तुम्ही म्हणाल, या वयात हिला प्रिंटर कशाला हवा? तर तो अक्कासाठी आहे.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. वाईजवळ एका लहान गावात आमच्या जुन्या घरात राहते, मुलगा-सून जवळ आहेत. तिच्या डोळ्यांना मॅक्युलर डीजनरेशन झालंय. म्हणजे पडद्याचा मधला भाग खराब होतो. कडेकडेचं दिसतं, पण जिथे नजर लावावी नेमकं तिथेच धूसर. ऐकूही कमी येतं. त्यामुळे फोनवरचं आमचं बोलणं असं:

"बरी आहेस ना?"
"काय?"
"बरी आहेस ना!"
"हो हो, जेवले."

म्हणून पत्र. २८ पॉइंटची ठळक अक्षरं, पांढऱ्यावर काळी, पानावर जेमतेम बारा ओळी. ती खिडकीशी बसते, भिंग घेते आणि मान जराशी तिरकी करून स्वतः वाचते. दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेलं तिला चालत नाही. दर महिन्याला एक, अशी तीन वर्षं मी पत्रं पाठवली. गेल्या दिवाळीपर्यंत.

दिवाळीत मी गावी गेले तर कळलं, घरामागची जागा विकायला काढलीय. तिथे आईनं लावलेला आंबा आहे. मी बोलले, जरा जास्तच बोलले. अक्का एवढंच म्हणाली, "वर्षाला चार दिवस येतेस. इथं काय काय लागतं ते तुला काय माहीत?"

खरं सांगते, फार मनाला लागलं. परत आले आणि पत्र लिहिलं नाही. पुढच्या महिन्यात लिहीन म्हटलं, तेव्हाही लिहिलं नाही. मग तर ती सवयच झाली. घरात प्रिंटरचा दुसरा उपयोग नाही, तोही कोपऱ्यात पाच महिने तसाच पडून.

आणि परवा भाच्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "मावशी, रागावू नकोस. आईला डोळ्यांत इंजेक्शनं घ्यावी लागतात, साताऱ्याला नेतो. एकदा घेऊन संपत नाही, पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. त्यासाठी जागा काढली होती. तुला सांगू नको म्हणाली होती." मग जरा थांबून म्हणाला, "जुनी पत्रंच काढून वाचत बसते गं."

फोन ठेवला आणि तशीच कॉम्प्युटरपाशी बसले. पत्र लिहिलं. आणि प्रिंटरनं हे असं केलं.

आधी मी घाईघाईत सगळ्या चुका करून घेतल्या. कॉम्प्युटरवर 'क्लीनिंग' नावाचं बटण असतं, ते दाबलं. मग 'डीप क्लीनिंग'. मग पुन्हा, आणि पुन्हा. चार वेळा! या सफाईत प्रिंटर शाईच जोरानं बाहेर ओढतो आणि पोटातल्या एका स्पंजात सोडून देतो. शाई खर्च झाली, पट्टे होते तिथेच. मग निळ्या अक्षरांत छापून पाहिलं, कारण रंगीत कार्ट्रिज बरं चालत होतं. माझ्या डोळ्यांना ते छान दिसलं, पण अक्काला काळ्यापांढऱ्याचा ठसठशीत फरकच लागतो. हातानं लिहावं तर हात थरथरतो, फळ्यावरचं ते अक्षर आता राहिलेलं नाही. दुकानात फोन केला. तो मुलगा म्हणाला, "आजी, दोन्ही कार्ट्रिज बदला. नाहीतर थोडे पैसे घाला, नवीन प्रिंटरच येईल." तो त्याच्या जागी बरोबर असेल. पण कार्ट्रिज हातात घेतलं तर जड लागत होतं. आत शाई होती! भरल्या दौतीला फेकून द्यायचं म्हणजे आमच्या पिढीच्या जिवावरच येतं.

मग शांतपणे बसून त्याची माहिती वाचली. या प्रिंटरमध्ये शाई फेकणारी छिद्रं कार्ट्रिजच्याच तळाशी असतात. शेकडो छिद्रं, एकेक केसापेक्षाही बारीक. प्रत्येकाच्या मागे एक इवलीशी शेगडीच असते म्हणा ना. ती क्षणभर तापते, शाईत वाफेचा बुडबुडा होतो आणि तो एक थेंब बाहेर ढकलतो. कॅनन कंपनीतल्या इचिरो एन्दो यांना १९७७ साली ही कल्पना सुचली म्हणतात. सोल्डरिंगची तापलेली इस्त्री चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईतून शाई उडाली. (सगळे प्रिंटर असे नसतात. काहींत उष्णतेऐवजी विजेनं वाकणारा स्फटिक शाई ढकलतो, आणि त्यांचं हेड वेगळं, प्रिंटरमध्येच बसवलेलं असतं.)

शाईत मुख्य असतं पाणी. ते लवकर उडू नये म्हणून ग्लिसरीनसारखं काहीबाही घातलेलं असतं, पण पाच महिने म्हणजे फारच झाले. त्यात काळ्या शाईत बऱ्याचदा रंगाचे बारीक कण असतात, ते छिद्रांच्या तोंडाशी घट्ट बसतात.

हे वाचलं आणि एकदम ओळखीचं वाटलं. अहो, हे तर शाईचं पेन! उन्हाळ्याच्या सुट्टीत पेन तसंच राहिलं की जूनमध्ये उठायचंच नाही. काही मुलं निबच्या फटीत ब्लेड घालायची आणि निबचा सत्यानाश करायची. वडील आम्हाला निब आणि जीभ काढून रात्रभर वाटीतल्या कोमट पाण्यात ठेवायला सांगायचे. शाळेतलं सायक्लोस्टाइल मशीनही आमचे शिपाईमामा सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी रॉकेलच्या फडक्यानं पुसून ठेवायचे. "बाई, शाई लावून सोडलं तर जूनला रोलर रडंल," म्हणायचे.

तर मग तसंच केलं. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून पेट्रोल पंपावरून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणवलं. ते वाटीत घेऊन दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट केलं. बशीत टिश्यू पेपरची जाड घडी ठेवली, ती भिजवली, आणि कार्ट्रिजचा छिद्रांचा भाग तेवढा तिच्यावर टेकवला. बाजूचे तांबूस ठिपके विजेसाठी असतात, ते ओले होऊ द्यायचे नाहीत. घासायचं नाही, टोचायचं नाही. फक्त वाट बघायची.

दहा मिनिटांनी कोरड्या कागदावर टेकवून पाहिलं. एक मळकट डाग. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा दहा मिनिटं. तुटक रेघ आली. तिसऱ्यांदा तेच. रात्र झाली, मी घडी पुन्हा ओली केली आणि वर एक वाटी उपडी घालून झोपले. झोप कसली! 'तुला काय माहीत' हे तिचं वाक्य पाच महिने मी टोमणा म्हणून घोळवत होते. ती मला फक्त खरं सांगत होती, आणि मी तिला एकदाही 'मग सांग ना' असं म्हटलं नव्हतं.

सकाळी कार्ट्रिज कागदावर टेकवलं तर एक सलग, काळीभोर रेघ! प्रिंटरमध्ये बसवलं, क्लीनिंग एकदाच केलं आणि तपासणीचं पान काढलं. एका कोपऱ्यात दोन बारीक खंड आहेत, ते अजूनही आहेत. पण पत्राची शिरोरेषा परत आली. 'घर' पुन्हा 'घर' झालं.

आधी लिहिलेलं पत्र मात्र छापलं नाही. त्यात माझीच बाजू फार होती. नवीन लिहिलं, एकच पान. 'अक्का, मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. चुकले. पुढचं इंजेक्शन कधी ते कळव, मी साताऱ्याला येते.' स्पीड पोस्टनं पाठवलं.

चौथ्या दिवशी भाच्याचा फोन. "आईनं निरोप दिलाय. अक्षर छान काळं आलंय म्हणे. आणि विचारलंय, पाच महिने शाई वाळली होती की तू?"

काय उत्तर देणार! दोन्ही, असं सांग म्हटलं.

आंबा मात्र गेला. नव्या मालकानं मार्चमध्येच तोडला. त्याचं वाईट वाटतं, वाटत राहील. पुढच्या पत्रात तेही लिहीन, पण भांडण म्हणून नाही.

आता प्रिंटरचं बटण दाबूनच तो बंद करते. पूर्वी वीज वाचवायला छापून झाल्या झाल्या थेट भिंतीवरचं बटण बंद करायचे, त्यामुळे छिद्रांना आपल्या रबरी झाकणाखाली जाऊन बसायला वेळच मिळत नव्हता. आणि आठवड्यातून एक पान छापायचं, म्हणजे शाई वाहती राहते. छापलंच आहे तर पाकिटात घालायचं. दर सोमवारी एक पान, रागावलेली असले तरी.