घड्याळानें वाढणारी नदी

कोंकणांतील नद्यांचा स्वभाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. ज्येष्ठाच्या अखेरीस त्या दोन्ही कांठ भरून धांवूं लागतात, आणि शिमगा येतो न येतो तोंच गुरें त्यांच्या पात्रांतून कोरड्या पायांनीं पलीकडे जातात. डोंगरापासून समुद्रापर्यंतची वाटच आंखूड. त्यामुळें सांठवून ठेवावें असें त्यांच्याजवळ फारसें कांहीं राहत नाहीं. रायगड जिल्ह्यांतील कुंडलिका मात्र या नियमाला अपवाद आहे. शेजारच्या नद्या चैत्रवैशाखांत डबक्यांपुरत्या उरल्या असतां हिच्या पात्रांत बहुतेक दिवशीं सकाळीं पूर येतो आणि दुपार कलण्याच्या सुमारास ओसरून जातो. या पुराचें कारण आकाशांतले मेघ नसून मुंबईचे पंखे आहेत असें म्हटलें तर वाचक हंसतील. परंतु गोष्ट अक्षरशः खरी आहे.

मी तेथें गेलों तो हौसेनें नव्हे. माझ्या धाकट्या भावाची कन्या पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. कयाक, म्हणजे एकट्यानें बसून दुहेरी वल्ह्यानें हांकावयाची अरुंद होडी, चालविण्यास शिकावें असें तिच्या मनानें घेतलें, आणि तेंही खळाळत्या पाण्यांत. आमचें घर एकत्र. त्यामुळें हा प्रश्न तिच्या आईबापांपुरता न राहतां जेवणाच्या पंक्तीस आला. माझ्या मातोश्रींना चौऱ्यायशीवें वर्ष चालू आहे. त्यांनीं भात कालवितां कालवितां एवढेंच म्हटलें कीं, “नदीचं नांव या घरांत काढूं नका.” त्यावर कोणी बोललें नाहीं. आईचे वडील बंधु, म्हणजे आमचे थोरले मामा, एकोणिसाव्या वर्षीं कृष्णेंत गेले हें आम्हां सर्वांस लहानपणापासून माहीत होतें. ते पट्टीचे पोहणारे होते. आश्विनांतले दिवस, पाणी उतरणीला लागलेलें; नेहमींच्या उतारानें पलीकडल्या मळ्यांत जात असतां ते बुडाले, आणि जेथें बुडाले तेथें पाणी कमरेच्या वर नव्हतें. पोहणारा मुलगा कमरेइतक्या पाण्यांत बुडतो कसा? आजोळच्या मंडळींनीं याचीं नाना उत्तरें दिलीं. कोणी भोंवरा म्हणे, कोणी घेरी आली म्हणे, आणि गांवांतल्या म्हाताऱ्यांनीं जलदेवतेवर भार टाकला. आईला यांपैकीं एकही उत्तर पटलें नाहीं आणि सत्तर वर्षांत दुसरें मिळालें नाहीं. अखेर, पुतणीला होकार किंवा नकार देण्यापूर्वीं कोणी तरी वडील माणसानें ती नदी प्रत्यक्ष पाहून यावी असें ठरलें, आणि नुकताच सेवानिवृत्त झालेला म्हणून ही कामगिरी मजकडे आली.

कुंडलिकेंत सकाळीं येणारें पाणी मुळांत कुंडलिकेचें नव्हेच. तें पुणें जिल्ह्यांतील मुळा नदीचें. मुळशीस टाटा कंपनीनें धरण बांधण्याचें योजिलें तेव्हां मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ मध्यें सत्याग्रह आरंभिला आणि सेनापति बापट त्याचे पुढारी झाले. तो लढा १९२४ पर्यंत चालला; पण जीं गांवें पाण्याखालीं जावयाचीं तीं गेलींच. १९२७ मध्यें भिरा येथील वीजगृह सुरू झालें. तलावाचें पाणी डोंगर फोडून कड्यापाशीं आणतात, तेथून प्रचंड नळांतून सुमारें पांचशें मीटर खालीं सोडतात, आणि त्या जोरावर यंत्रें फिरून वीज मुंबईकडे जाते. खालीं उतरलेलें पाणी अडवून त्यावर सरकारी वीजगृहांत आणखी एकदां वीज काढतात व मग तें कुंडलिकेच्या स्वाधीन करतात. पुढें डोलवहाळच्या बंधाऱ्यापासून कालवे निघतात. उरलेलें पाणी रोह्यावरून कोर्लईच्या किल्ल्यापाशीं अरबी समुद्रास मिळतें. हें पाणी आपल्या वाटेनें गेलें असतें तर पुण्यावरून भीमेंत आणि भीमेंतून पंढरपुरास गेलें असतें, आणि शेवटीं बंगालच्या उपसागरांत. विठोबाच्या वाटेवरचें पाणी आपण रेवदंड्याच्या खाडीकडे वळविलें आहे, हा विचार ताम्हिणी घाट उतरतांना माझ्या मनांतून जाईना.

साजे गांवीं पोंचलों तेव्हां सायंकाळ झाली होती. येथून कामत गांवापर्यंत सुमारें बारा किलोमीटर रबरी तराफे आणि कयाक चालतात. आमचा वाटाड्या जवळच्याच वाडींतला, पंचविशीचा तरुण होता. त्यानें आम्हांस प्रथम पात्रांत उतरविलें. काळे कातळ उघडे पडलेले, त्यांत रांजणासारखे खळगे, आणि मधून पाण्याची एक बारीक धार. माझ्या छातीइतक्या उंचीवर खडकांना शेवाळाची रेघ होती. “काका, हें सकाळचं पाणी,” तो रेघेवर हात ठेवून म्हणाला. “नदी वाचायची तर ती आटलेली असतांना वाचायची.” मग त्यानें एकेक खडक दाखवीत सांगितलें: या दोहोंमधून पाणी जातें पण माणूस जात नाहीं, हा खालून पोखरलेला आहे, या उंबराच्या फांद्या आज कांठावर दिसतात, उद्यां त्या धारेच्या मध्यें असतील. आडव्या झाडाचें त्याला खडकापेक्षां अधिक भय वाटत होतें. खडकावर आपटून पाणी बाजूला वळतें, आणि होडीलाही बरोबर वळवितें. झाडाच्या फांद्यांतून पाणी गाळल्यासारखें निघून जातें, आणि माणूस चहाच्या चोथ्यासारखा मागें अडकून राहतो.

दुसऱ्या दिवशीं सूर्य वर आला तरी नदी तशीच. आम्ही शिरस्त्राणें व लाईफ-जॅकेटें चढवून कांठावर बसून राहिलों. पाणी कोणत्या घटकेला सुटेल हें वीजगृहाच्या हातीं असतें. एखादे दिवशीं तें सुटतही नाहीं, आणि मग लांबून आलेल्या मंडळींना सूर्यस्नान करून परतावें लागतें. वाटाड्यानें कडेला तीन पांढरे धोंडे एकावर एक अंतरानें मांडून ठेवले होते. प्रथम कोरडीं पानें आणि फेंस वाहत आला. नंतर बोलतां बोलतां पहिला धोंडा दिसेनासा झाला. दुसरा बुडाला तेव्हां आम्हांस मोठ्यानें बोलावें लागत होतें. तिसऱ्यापाशीं पाणी स्थिरावलें, आणि काल संध्याकाळीं पाहिलेली नदी जणुं कोणी गुंडाळून नेली होती.

अशा पाण्याची इयत्ता एक ते सहा अशा आंतरराष्ट्रीय मापानें सांगण्याची रीत आहे. एक म्हणजे हलकें वाहतें पाणी, सहा म्हणजे जेथें जीव वांचण्याची खात्री देतां येत नाहीं असें. कुंडलिका साधारणतः दोनतीनच्या घरांत मोडते. परंतु ही इयत्ता नदीला कायमची चिकटलेली नसते. पाणी चढलें कीं कांहीं खडक इतके खोल जातात कीं त्यांच्यावरून होडी अलगद निघते, आणि जेथें काल कांहींच नव्हतें तेथें खडकाच्या पाठीशीं उलटें वळणारें पाणी तयार होतें. आणखी एक हिशेब आहे, तो माझ्या पुतणीनेंच मला सांगितला. पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो. एक घनमीटर पाण्याचें वजन हजार किलो. असे तीसचाळीस घनमीटर दर सेकंदास जात असतील तर बाहूंच्या बळाचा काय पाड? म्हणून येथील सारी विद्या पाण्याशीं झगडण्याची नसून त्याची कड घेण्याची आहे. दोन खडकांमधून खालीं निमुळती होत गेलेली गुळगुळीत जीभ दिसली कीं वाट तेथें आहे. तिचें टोंक उलट, आपल्याकडे असलें, तर तेथें पाण्याखालीं खडक लपला आहे.

मी तराफ्यांत बसलों होतों, पुतणी शिक्षकाबरोबर लहान कयाकांत मागून येत होती. चौथ्या कीं पांचव्या उतारावर तराफ्याची एक बाजू उचलली गेली आणि मी बाहेर पडलों. पाणी नाकातोंडांत गेलें, पण जॅकेटानें लगेच वर आणलें. पुढें पाणी पसरट होतें. पायांना तळ लागला. साठी उलटलेल्या माणसास तळ लागल्यावर जें सुचावें तेंच मला सुचलें. मी उभा राहूं लागलों. तोंच वाटाड्या असा ओरडला कीं तो आवाज अजून कानांत आहे: “पाय वर! काका, उभं राहायचं नाहीं!” मी भिऊन पाय उचलले, उताणा झालों, आणि पावलें पुढें करून वाहत गेलों. थोड्याच वेळांत त्यानें दोरीची पिशवी अचूक माझ्या छातीवर टाकली व मला एका खडकामागच्या संथ पाण्यांत ओढून घेतलें.

कांठावर बसून धाप ओसरल्यावर मीं त्याला जरा रागानेंच विचारलें कीं, पाणी तर मांडीइतकें होतें, मग उभें राहिल्यानें काय बिघडलें असतें? त्यानें वाळूंत दोन धोंडे ठेविले, मधल्या फटींत काठी उभी केली आणि वरच्या टोंकाला हातानें ढकलली. काठी वांकली, पण खालचें टोंक निघेना. वाहत्या पाण्यांत उभ्या राहिलेल्या माणसाचें पाऊल असें अडकलें कीं प्रवाह त्याला पुढें लोटतो, तो तोंडावर पडतो, आणि मागून येणारें पाणी पाठीवर बसून त्याला उठूं देत नाहीं. पोहतां येत असलें तरी उपयोग नाहीं, कारण पोहायला पाय मोकळा हवा. “गुडघ्याच्या वर जोराचं पाणी असलं तर त्यांतून एकट्यानं चालायचंसुद्धां नाहीं, काका. पुरानं धोंडे सरकलेले असतात. ओळखीची वाट ओळखीची राहत नाहीं.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलों. आश्विनांतला उतार, कमरेइतकें पाणी, नुकताच ओसरलेला पूर. पुतणी शेजारीं येऊन बसली होती. तिनेंही तें ओळखलें असावें, कारण ती कांहीं न बोलतां माझा टॉवेल माझ्या खांद्यावर नीट करीत राहिली.

परतीच्या वाटेवर वाटाड्या धरणांखालच्या नद्यांविषयीं पुष्कळ बोलला. पावसाचा पूर येतांना ढग तरी दिसतात. सोडलेलें पाणी निरभ्र आकाशाखालीं येतें. ८ जून २०१४ रोजीं हिमाचल प्रदेशांत बियास नदीच्या पात्रांत हैदराबादकडील एका महाविद्यालयाचे विद्यार्थी छायाचित्रें काढीत उभे होते. वरच्या लारजी धरणांतून पाणी सुटलें आणि त्यांतील चोवीसजण वाहून गेले. ते कोणी होडी चालविणारे नव्हते, केवळ खडकांवर उभे होते. कुंडलिकेवरही मला अधिक भय वाटलें तें तराफ्यांतील मंडळींचें नव्हे. कोरड्या पात्रांत चटया पसरून डबे सोडणाऱ्या कुटुंबांचें वाटलें. बंधाऱ्यांविषयींही त्यानें बजावलें. बंधाऱ्यावरून सांडणारें पाणी दिसतें पायरीसारखें निरुपद्रवी, पण त्याच्या पायथ्याशीं तें पुन्हां भिंतीकडे वळतें आणि आंत सांपडलेल्यास तेथेंच घोळवीत ठेवतें. खडकामागच्या भोंवऱ्याला बाजूनें निसटण्याची वाट तरी असते. सरळ बांधलेल्या भिंतीला ती नसते.

घरीं आल्यावर त्या रात्रीं मी आईच्या खोलींत जाऊन बसलों आणि दोन पेन्सिलींनीं व एका वहीनें वाटाड्याचा तो प्रयोग तिला करून दाखविला. तिनें बराच वेळ वहीकडे पाहिलें.

“म्हणजे घेरी नव्हती,” ती म्हणाली.

“नसावी.”

“भोंवराही नव्हता. मी म्हणतच होतें. रोजची वाट होती ती त्याची.” मग थोडें थांबून, “जिवंत असतां आजवर मी त्याला बोलले असतें, कीं परत फिरून यायचं होतंस.” तिनें दिवा मालवावयास सांगितलें.

सकाळीं पुतणी चहा घेऊन गेली तेव्हां आईनें तिला विचारलें, “पाय वर ठेवायला शिकवतात ना गं तुला?” पुतणीनें पलंगावर उताणें पडून, पावलें पुढें करून दाखविलें. आईनें चष्मा पुसून तें पुन्हां एकदां करावयास लाविलें, आणि शनिवारीं जातांना सोबत दशम्या न्याव्यात असें सुनेला सांगून ती देवपूजेस गेली.